ग्लुटामेटचा ट्रान्सपोर्टर उलटा चालतो तेव्हा

ॲसिटिलकोलिन सायनॅप्समध्येच एन्झाइमने तुटतं. ग्लुटामेटसाठी तिथे असं एन्झाइमच नाही. ते उचलूनच न्यावं लागतं, मुख्यतः ॲस्ट्रोसाइट पेशींना. आता गंमत बघा: पेशीत ग्लुटामेट बाहेरच्यापेक्षा आधीच हजारो पटींनी जास्त, तरी आणखी आत ओढायचं. ट्रान्सपोर्टर स्वतः एटीपीही वापरत नाही. मग जोर कुठून येतो? एका ग्लुटामेटबरोबर 3 सोडियम आणि 1 प्रोटॉन आत येतात, 1 पोटॅशियम बाहेर जातं. हा हिशोब झेरांग आणि कॅव्हनॉ यांनी 1996 मध्ये मांडला. आयनांच्या सांद्रतेतला फरक टिकवतो तो सोडियम-पोटॅशियम पंप. एटीपी खर्च होतं ते तिथे.

स्ट्रोकमध्ये रक्तपुरवठा थांबतो, एटीपी संपतं, पंप बंद पडतो. आत सोडियम साचतं, बाहेर पोटॅशियम. ट्रान्सपोर्टर बिघडलेला नसतो हो! पण तोच आता ग्लुटामेट बाहेर ओततो आणि त्या माऱ्याने शेजारचे न्यूरॉन मरतात. रॉसी, ओशिमा आणि ॲटवेल यांनी 2000 साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांमध्ये हे उलटं वाहणं दाखवलं, तेही न्यूरॉनच्या ट्रान्सपोर्टरमधून.

तेव्हा पेपरमध्ये ‘अपटेक कमी झाला’ असं दिसलं, की लगेच प्रथिन घटलं असं धरू नका. आधी मेथड्समध्ये जा आणि बाहेरच्या द्रावणात सोडियम-पोटॅशियम किती होतं ते बघा.