मुंगसाचें अनेकवचन

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नातवानें आम्हांस विचारलें, "आजोबा, इंग्रजी 'मॉन्गूस' शब्दाचें अनेकवचन काय?" प्रश्न साधाच, पण त्यामुळें आमच्या हातून घडलेली एक जुनी चूक आठवली.

आम्ही शाळेंत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें या शब्दाचें अनेकवचन 'मॉन्गूसेस' असें लिहिलें होतें. 'गूस' या पक्षिवाचक शब्दाचें अनेकवचन 'गीस' होतें. तेव्हां 'मॉन्गूस'चें 'मॉन्गीस' झालेंच पाहिजे, असा आमचा तर्क. आम्हीं गुण कापला. "पण मास्तर, मुंगूस तर आपलाच शब्द ना?" असें तो भीत भीत म्हणाला. आम्हीं त्यास खालीं बसविलें. सेवानिवृत्तीनंतर कोश चाळतांना कळलें कीं, बरोबर तोच होता.

इंग्रजांच्या देशांत हा प्राणी नाहीं. म्हणून त्याचें नांव त्यांनीं मराठी 'मुंगूस' शब्दावरून घेतलें. सतराव्या शतकाच्या अखेरीस तें इंग्रजी लेखनांत आढळतें. मध्यें पोर्तुगीज भाषेचा हात असावा, असें कांहीं कोशकार मानतात. आणि आपण तरी तें कोठून आणिलें? संस्कृतांत या प्राण्यास 'नकुल' म्हणतात. 'मुंगूस' शब्दाचे सोयरे कानडी 'मुंगुसि' व तेलुगू 'मुंगिस' हे होत. म्हणजे शेजारच्या घरून आणिलेलें आपण पुढें इंग्रजांस दिलें!

मग त्यांत 'गूस' कसा शिरला? परक्या शब्दास ओळखीच्या शब्दाचा वेष चढविण्याची खोड सर्वच भाषांस असते. त्या खोडीनें इंग्रजी लेखनांत मुंगसाच्या शेपटाशीं हा पक्षी येऊन बसला, इतकेंच. वाचकहो, मौज अशी कीं, खुद्द 'गूस' मात्र आपल्या हंसाचा नातलग आहे! संस्कृत 'हंस', लॅटिन 'आन्सेर', जर्मन 'गान्स' हीं एकाच मुळाचीं रूपें. इंग्रजींत अनुनासिक तेवढें गळालें. 'गूस-गीस' हा स्वरबदल 'फूट-फीट', 'टूथ-टीथ' अशा इंग्रजीच्या जुन्या घरच्या शब्दांचा. मागाहून आलेल्या पाहुण्यास तो लागू पडत नाहीं. 'मॉन्गीस' असें क्वचित् कोणी लिहितात व एखादा कोश तें नोंदवितोहि. परंतु रूढ रूप 'मॉन्गूसेस' हेंच होय. जेथें साम्य दिसतें तेथें नातें नाहीं, आणि जेथें दिसत नाहीं तेथें तें आहे.

पंचतंत्राच्या पांचव्या तंत्राचें नांवच 'अपरीक्षितकारक'. त्यांतील ब्राह्मणीनें मुंगसाचें रक्तानें माखलेलें तोंड पाहिलें, त्यानें आपलें बाळ मारलें असें समजून हातांतील घागर त्याच्यावर टाकली, आणि घरांत जाऊन पाहते तों बाळ सुखरूप व जवळ साप मेलेला! ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी रंगवून सांगितली. पण लाल शाई हातीं घेतांना ती आम्हांस आठवली नाहीं.

नातवास हें सर्व सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "मग त्या मुलाला गुण परत दिला का?" आम्ही निरुत्तर झालों. तो विद्यार्थी आज कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. हा अंक त्याच्या घरीं येत असेल, तर त्यानें समजावें कीं, त्याचा एक गुण मास्तरांकडे अद्याप येणें आहे.