सह्यता विश्लेषण

यंत्राच्या सुट्या भागांच्या मापांतील अटळ फरकांचा जोडणीवर होणारा परिणाम आगाऊ गणिताने ठरविण्याची पद्धती. कोणताही भाग तंतोतंत मापाचा बनविता येत नाही; म्हणून आराखड्यात कमाल व किमान मर्यादा देतात. त्यांच्यातील फरकाला सह्यता (टॉलरन्स) म्हणतात. भारतात याविषयी आयएस ९१९ हे मानक आहे.

डीझेल एंजिनात दट्ट्या वरच्या टोकास असताना त्याच्या व सिलिंडर-शीर्षाच्या दरम्यान थोडी फट लागते. ती कमी पडल्यास धडक बसते. जास्त झाल्यास संपीडन घटून एंजिन सुरू होणे अवघड जाते. ही फट ठोकळ्याची उंची, भुजेची त्रिज्या, संयोगदांड्याची लांबी, दट्ट्याची उंची व गॅस्केटची जाडी या पाच मापांवर अवलंबून असते. उदा., प्रत्येक मापाची सह्यता ±०·०४ मिमी. मानू.

सर्वांत प्रतिकूल स्थिती धरणाऱ्या पद्धतीत सह्यतांची बेरीज करतात. फटीतील फरक ±०·२० मिमी. येतो. हमी पक्की मिळते, पण फटीची मर्यादा सांभाळण्यासाठी प्रत्येक भाग अधिक काटेकोर, म्हणून महाग, करावा लागतो. सांख्यिकीय पद्धतीत सह्यतांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात, उत्तर सु. ±०·०९ मिमी. येते, कारण पाचही मापे एकाच वेळी प्रतिकूल टोकाला जाणे विरळा असते. मात्र मापे परस्परांपासून स्वतंत्र व मध्यमूल्याभोवती विखुरलेली असावी लागतात. हत्यार झिजून ती एका बाजूस सरकल्यास हे उत्तर फसवे ठरते. अशा वेळी संगणकावर यदृच्छ मापांच्या हजारो जोडण्या तपासणारी माँटे कार्लो पद्धती उपयोगी पडते.

काही एंजिनांत ठोकळ्याखाली पातळ शिम घालून फट जुळवितात. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्ससारख्या कारखान्यांची एंजिने खेड्यापाड्यांत विहिरींवर बसली. पातूरसारख्या (जि. अकोला) गावी दट्ट्या बदलणाऱ्या कारागिराजवळ सूक्ष्म मापनाची साधने असतीलच असे नाही. नवा भाग तेथे न घासता बसणे, हीच या गणिताची खरी कसोटी होय.