मिनी ट्रॅक्टर वावरातच राहतो, मग विमा कशाला? ट्रॅक्टर व अवजारांच्या विम्याची माहिती

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातील संत्रा बागांमध्ये दोन ओळींतून सहज फिरतो म्हणून मिनी ट्रॅक्टर घेतला जातो. डवरणी, फवारणी, रोटाव्हेटर ही कामे बागेतच होतात. त्यामुळे ‘ट्रॅक्टर धुऱ्याबाहेर जात नाही, विमा कशाला?’ असा विचार करून पहिल्या वर्षानंतर अनेक जण नूतनीकरण टाळतात. नुकसान मात्र बागेत, गोठ्याजवळ आणि अंगणातही होते. म्हणून कोणता विमा कशासाठी आहे, हे समजून घ्यावे.

पांदण रस्ता ही सार्वजनिक जागाच

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी वाहन चालवायचे असेल तर तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. ज्या ठिकाणी लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती कायद्याने सार्वजनिक जागा. म्हणजे गावातून वावरात नेणारा पांदण रस्ताही त्यात येतो. घर गावात आणि बाग शिवारात असेल, तर ट्रॅक्टर रोजच सार्वजनिक जागेवरून जातो.

विमा नसताना वाहन चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. पण खरा धोका दंडाचा नाही. अपघातात कोणी दगावले, तर लाखो रुपयांची भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. त्यात बाग विकण्याची वेळ येऊ शकते.

खासगी वावरात अपघात झाला तरी जबाबदारी संपत नाही. पॉलिसी घेताना ‘माझ्या शेतातील, खासगी जागेतील अपघात यात धरला आहे का?’ हे कंपनीला लेखी विचारा.

तृतीय पक्ष आणि सर्वसमावेशक विमा

तृतीय पक्ष विमा दुसऱ्याला झालेल्या इजेची आणि नुकसानीची भरपाई देतो. तुमचा ट्रॅक्टर जळाला, चोरीला गेला, नाल्यात उलटला, तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसी लागते. आग, वीज पडणे, पूर, गारपीट, चोरी आणि अपघात यांचे नुकसान त्यात धरले जाते. उन्हाळ्यात कुटाराच्या ढिगाला किंवा पराटीच्या गंजीला लागून ट्रॅक्टर उभा करणाऱ्यांनी आगीचा विचार करावा.

भरपाईची कमाल मर्यादा आयडीव्हीवर ठरते. ती वाहनाच्या वयानुसार कमी होते:

- ६ महिन्यांपर्यंत : ५ टक्के घट
- ६ महिने ते १ वर्ष : १५ टक्के
- १ ते २ वर्षे : २० टक्के
- २ ते ३ वर्षे : ३० टक्के
- ३ ते ४ वर्षे : ४० टक्के
- ४ ते ५ वर्षे : ५० टक्के

उदाहरणार्थ, ४ लाख रुपये किमतीचा ट्रॅक्टर अडीच वर्षांचा झाला, तर आयडीव्ही सुमारे २ लाख ८० हजार. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून यापेक्षा कमी आयडीव्ही लिहून घेऊ नका. चोरी झाल्यास तेवढीच रक्कम हाती येईल.

दुरुस्तीच्या दाव्यात टायर, ट्यूब, बॅटरी, रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. मडगार्ड, बोनेटचे भाग, दिवे, रंग यांचे नुकसान हवे असेल तर ‘आयएमटी २३’ हे जोड-संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते. नुसते जोडसाहित्य चोरीला गेले आणि ट्रॅक्टर जागेवरच राहिला, तर सहसा भरपाई मिळत नाही.

ट्रॉली, मजूर आणि भाड्याची कामे

सर्वाधिक दावे येथे अडकतात.

- ट्रॉली : ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येत नाही. तिची स्वतंत्र नोंद पॉलिसीत हवी.
- बसलेली माणसे : ट्रॅक्टरला आसन एकच, चालकाचे. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्या माणसाला इजा झाल्यास कंपनी जबाबदारी नाकारू शकते.
- वापर : ‘फक्त शेतीकाम’ लिहिलेल्या पॉलिसीवर विटा, माती, रेती वाहिली तर अट मोडली जाते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे प्रकरण आले होते. ट्रॉलीचा विमा नव्हता आणि काम शेतीचे नव्हते, म्हणून विमा कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजुराला पैसे मिळावेत म्हणून कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. म्हणजे भार शेवटी मालकावरच आला. दुसऱ्याच्या वावरात भाड्याने नांगरणी करत असाल तर तेही आधी कंपनीला सांगा.
- चालक : परवाना वैध हवा. पगारी चालक असेल तर त्याच्यासाठीचे जोड-संरक्षण घ्या. मालक स्वतः चालवीत असेल तर १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पॉलिसीत आहे का, ते पाहा.

रोटाव्हेटर, फवारणी यंत्र, मोटारपंप

ही अवजारे ट्रॅक्टरच्या आयडीव्हीत धरलेली नसतात. सार्वजनिक क्षेत्रातील न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या कंपन्यांकडे शेती मोटारपंप आणि शेतकऱ्यांच्या एकत्रित पॅकेज विम्याबाबत चौकशी करावी. तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. प्रत्येक यंत्राचे नाव, क्रमांक, खरेदी वर्ष आणि किंमत यादीत लिहून घ्या.
२. चोरीच्या विम्यात बहुधा कुलूप किंवा दार तोडल्याची खूण लागते. उघड्यावर पडलेल्या अवजारांचा दावा टिकत नाही.
३. किंमत कमी दाखवू नका. २ लाखांच्या यंत्राचा १ लाखाचाच विमा असेल आणि ४० हजारांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीनुसार २० हजारच मिळतील.

पीकविम्यात यंत्रे येत नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात, पण ते माणसासाठी, ट्रॅक्टरसाठी नाही.

नुकसान झाल्यावर

- आधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि दावा क्रमांक घ्या. चोरी किंवा कोणाला इजा झाल्यास पोलिसांत तक्रार नोंदवा.
- सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका.
- पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर सुरू करून पाहू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात पूर आला, तेव्हा असंख्य वाहने पाण्यात गेली. अशा वेळी पाणी शिरलेले इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान तुमच्या चुकीचे ठरवून दावा कापला जातो. बॅटरीची तार सोडवा आणि ट्रॅक्टर ओढून न्या.
- दावा नाकारला, किंवा तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. नागपूरसाठी हे कार्यालय पुण्याला आहे. तेथे शुल्क लागत नाही.

नूतनीकरणापूर्वी तपासा

ट्रॅक्टर बँकेच्या कर्जावर असेल तर हप्त्यासोबत कापलेला विमा सर्वसमावेशक आहे की फक्त तृतीय पक्ष, हे शाखेत विचारा आणि पॉलिसीची प्रत मागून घ्या. इंजिन व चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवा. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठलेला ‘नो क्लेम बोनस’ जातो, म्हणून तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

कृषी सहायकांनी पुढील शेतीशाळेत शेतकऱ्यांना पॉलिसीचे कागद सोबत आणायला सांगावे. ट्रॉलीची नोंद, वापराची अट आणि मुदतीची तारीख या तीन ओळी एकत्र वाचायला दहा मिनिटे पुरतात.