रात्रीच्या समुद्रात दिसते ते

विनोबांचे जन्मगाव म्हणून गागोदे बुद्रुक पाहायला आम्ही काही शिक्षक गेलो होतो आणि गावातच मुक्कामाला राहिलो. रात्री वीज गेली. अंगणात बसून गप्पा चालल्या असताना समोरच्या डोंगराच्या अंगाला एक बारीक दिवा दिसला. "कुणीतरी बॅटरी घेऊन उतरतंय," आमच्यातले एक जण म्हणाले. आम्ही सगळेच टक लावून पाहू लागलो. दिवा डावीकडे सरकला, थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. तो माणूस वाट चुकला असावा यावर आमचे एकमत झाले. कुणी चकव्याचेही नाव काढले. घरच्या आजोबांनी आमचे बोलणे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "तो वाडीतला दिवा आहे. रोज तिथंच असतो."

पाचही पदवीधर शिक्षकांना एकाच वेळी स्थिर दिवा चालताना दिसला होता. डोंगरावर हे झाले, म्हणून हसण्यावारी गेले. हेच गागोद्याच्या पश्चिमेला, धरमतरच्या खाडीपलीकडे, उघड्या समुद्रात होडीत बसलेल्या माणसाला झाले तर? त्या दिव्याकडे पाहूनच होडी कुठे वळवायची हे त्याला ठरवायचे असते.

वल्ही मारत महासागर ओलांडणारी माणसे खरोखर आहेत. 1896 साली जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएल्सन या दोघांनी न्यूयॉर्कहून निघून 55 दिवसांत इंग्लंडजवळची सिली बेटे गाठली. 2007 साली मुंबईच्या भाविक गांधी यांनी एकट्याने अटलांटिक पार केला. जोडीने जाणारे बहुधा दोन तास वल्हवणे आणि दोन तास झोप अशी पाळी लावतात आणि ती आठवडेच्या आठवडे चालते. या लोकांच्या हकिकतींत चालणारे दिवे, लाटांतून येणारी हाक, होडीत बसलेला आणखी कुणीतरी, असे प्रकार वारंवार येतात. या सगळ्याला एकच 'भास' हा शब्द लावून आपण मोकळे होतो. पण प्रत्येकाचे कारण वेगळे आहे, आणि त्यातले काही तर भास नाहीतच.

आधी दिव्याचे पाहू. एखादी वस्तू हलते आहे हे आपल्याला कशावरून कळते? तिच्या आजूबाजूच्या झाडा-भिंतींवरून. मिट्ट काळोखात एकच प्रकाशबिंदू असेल तर हा आधार राहत नाही. आपले डोळे तर सतत सूक्ष्म हालचाल करत असतात. टक लावून पाहतानासुद्धा ते पूर्ण स्थिर राहत नाहीत. हालचाल डोळ्याची की दिव्याची हे मेंदूला नीट ठरवता येत नाही आणि तो ती दिव्याच्या माथी मारतो. या प्रकाराचा सगळा उलगडा झालेला नाही, पण डोळ्यांच्या हालचालींचा त्यात वाटा आहे हे नक्की. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाला 1799 साली तारे असेच डोलताना दिसले होते. तारेच हलत आहेत असे त्याला वाटले.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. खोलीत पूर्ण अंधार करा. बॅटरीच्या काचेवर काळा कागद चिकटवून त्याला सुईने एक भोक पाडा आणि बॅटरी स्टुलावर पक्की बांधा. मुलांना तीन-चार मीटरवर बसवून दोन-तीन मिनिटे त्या बिंदूकडे पाहायला सांगा. बिंदू किती सरकला हे प्रत्येकाने कुणाशीही न बोलता लिहायचे. मग त्याच कागदाला शेजारी दुसरे भोक पाडून पुन्हा पाहा. बिंदूची भटकंती बरीच कमी झालेली आढळेल, कारण आता एकाला दुसऱ्याचा आधार आहे.

'कुणाशीही न बोलता' ही अट महत्त्वाची आहे. 1935 साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग माणसांना एकत्र बसवून केला. एकट्याने पाहताना प्रत्येकाचा अंदाज निराळा होता. पण एकमेकांचे आकडे ऐकू येऊ लागले तसे सगळे अंदाज जवळजवळ येत गेले. दिवा मात्र जागचा हललेलाच नव्हता! गागोद्याच्या अंगणात आमचे जे 'एकमत' झाले त्याची किंमत यावरून कळावी. होडीत दोघे असले म्हणून एक डोळा दुसऱ्याची चूक दुरुस्त करीलच असे नाही.

तेव्हा दर्यावर्दी डोळ्यावर विसंबत नाही. तो होकायंत्र घेऊन दिव्याची दिशा मोजतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा मोजतो. येथे एक गंमत आहे, जिवावरची. दुसऱ्या जहाजाच्या दिव्याची दिशा बदलत गेली तर सहसा ते जहाज बाजूने निघून जाणार असते. दिवा जवळ येतो आहे आणि त्याची दिशा मात्र तीच आहे, तर टक्कर होणार असे समजायचे. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतही हे सांगितलेले आहे. म्हणजे डोळ्याला चालताना दिसणारा दिवा कदाचित एखादा निरुपद्रवी तारा असतो आणि जागचा न हलणारा दिवा घात करतो.

ताऱ्याला दिवा समजण्याची चूक वल्हवणाऱ्याकडून अधिक होण्यासारखी आहे. तो होडी जाते त्या दिशेला पाठ करून बसतो. अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडणाऱ्याचे तोंड रात्रभर पूर्वेला, म्हणजे नवे तारे उगवतात त्या बाजूला असते. क्षितिजालगतचा तेजस्वी तारा हवेच्या जाड थरातून येताना लुकलुकतो, रंग बदलतो आणि लाटेआड होऊन पुन्हा वर येतो. जहाजाचा दिवा दुसरे काय करतो?

अंधुक वस्तूंची तऱ्हा आणखी वेगळी. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दाटीने असतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी तेथे नसतात. त्यामुळे अंधुक ताऱ्याकडे सरळ पाहिले की तो नाहीसा होतो आणि नजर जराशी बाजूला नेली की परत दिसतो. कृत्तिकांवर हे करून पाहा. होडीतल्या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी पांढुरके दिसते, तो वळून थेट पाहतो आणि तेथे काही नसते. भुताच्या गोष्टीला याहून अधिक सामग्री लागत नाही.

आता चकव्याकडे येऊ. रात्री माणूस रानात त्याच त्याच जागी फिरत राहतो, ही समजूत कोकणात जुनी आहे आणि तिच्यातले निरीक्षण खरे आहे. जर्मनीतील यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली; तो दिसेनासा झाल्यावर वळत गेली, जंगलात तर गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे कधीकधी अवघ्या 20 मीटर व्यासाची होती. आपण सरळच चाललो आहोत अशी मात्र त्यांची खात्री होती. वल्हवणाऱ्याच्या बाबतीत दोन हातांचा कमीजास्त जोर, वारा आणि पाण्याचा ओढाही यात भर घालतात. म्हणून तो होकायंत्र पायाशी ठेवतो किंवा होडीच्या मागच्या टोकावर एखादा तारा धरतो. तो तारा तासाला सुमारे 15 अंश सरकतो, तेव्हा अधूनमधून नवा धरावा लागतो.

आवाजाचेही असेच. लाटांच्या एकसुरी खळखळाटात मेंदू ओळखीचे काहीतरी शोधत राहतो. 2001 साली नेदरलँड्समध्ये काही विद्यार्थ्यांना नुसती खरखर ऐकवली आणि तिच्यात एक प्रसिद्ध गाणे हळू आवाजात ऐकू येण्याची शक्यता आहे एवढे सांगितले. गाणे त्यात नव्हतेच. तरीही जवळजवळ एक तृतीयांश विद्यार्थ्यांना ते ऐकू आले. ही मुले धडधाकट होती आणि कोरड्या जमिनीवर बसलेली होती, हे ध्यानात घ्या.

झोप तुटली की प्रकरण पुढे जाते. दोरी पाहून साप वाटणे हा भ्रम. दोरीच नसताना साप दिसणे हा विभ्रम. फार जागरण झालेला मेंदू उघड्या डोळ्यांनी काही सेकंदांच्या डुलक्या घेतो आणि स्वप्नाचे तुकडे जागेपणात मिसळतात. याची सर्वांत प्रसिद्ध हकिकत जोशुआ स्लोकमची आहे. विनोबा गागोद्यात जन्मले ते 1895 साली, 11 सप्टेंबरला. त्याच वर्षीच्या जुलैत स्लोकम आपल्या लहानशा शिडाच्या नौकेतून अझोर बेटांजवळ होता. आलुबुखार आणि पांढरे चीज खाऊन त्याच्या पोटात भयंकर कळा उठल्या आणि तो खाली जाऊन पडला. शुद्धीवर आला तेव्हा एक उंच परका माणूस सुकाणू धरून उभा होता. आपण कोलंबसच्या ताफ्यातील 'पिंटा' जहाजाचे वाटाडे आहोत, असे त्याने सांगितले. सकाळी पाहतो तर वादळातही नौका ठरल्या मार्गावरच होती. स्लोकमची नौका शिडांच्या जुळणीमुळे सुकाणू न धरताही दीर्घकाळ मार्ग धरून जात असे; वाटाड्याची तिला गरज नव्हती. ती स्लोकमला होती.

शेजारी कुणीतरी असल्याची ही जाणीव मेंदूच्या एका जागेशी जोडता आली आहे. 2006 साली स्वित्झर्लंडमध्ये अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीची तपासणी चालली असता, मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या-मागच्या भागात सौम्य विद्युतप्रवाह दिला गेला. लगेच तिला आपल्या मागे एक सावलीसारखी व्यक्ती जाणवू लागली. ती बसली की सावलीही बसे. स्वतःच्या शरीराची जागा आणि ठेवण यांचा हिशेब हा भाग ठेवतो. तो हिशेब बिघडला की आपलेच शरीर दुसऱ्याचे वाटत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. थकवा, एकटेपणा आणि सतत डोलणारी होडी यांनीही असेच काही होत असेल, हे पटण्यासारखे आहे. मात्र ते होडीत बसून कुणी मोजलेले नाही.

हे सगळे वाचून मुले म्हणतील, म्हणजे खलाशी सांगतात ते सगळे खोटे. तसे म्हणू देऊ नका. वल्ह्यागणिक पाणी निळसर उजळते ते खरेच उजळते. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव धक्का लागताच क्षणभर प्रकाश टाकतो आणि आपल्या किनाऱ्यांवरही तो दिसतो. आणखी एक प्रकार अरबी समुद्रातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते: क्षितिजापर्यंत सगळा समुद्र दुधासारखा उजळलेला, ना लाट ना चमक, नुसते पांढरे. पुष्कळांनी ती दर्यावरची थाप मानली. जानेवारी 1995 मध्ये 'लिमा' या जहाजाने सोमालियाजवळ असा समुद्र पाहिला आणि वहीत टिपून ठेवला. 2005 साली शास्त्रज्ञांनी त्या तारखेची उपग्रहाची जुनी चित्रे काढली. जहाजाने सांगितले होते तेथेच सुमारे 15,400 चौरस किलोमीटरचा उजळलेला पट्टा निघाला, आपल्या रायगड जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा. हा प्रकाश बहुधा जीवाणूंचा असतो. जहाजाच्या वहीत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेले होते म्हणून दहा वर्षांनी चित्र कोणते काढायचे हे कळले.