वर्षाचं भाडं एक गुल्डन

दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात फुगराय नावाची गरिबांची वसाहत आहे. 1521 सालच्या दानपत्रात तिचं वर्षाचं भाडं एक ऱ्हाइनी गुल्डन ठरलं. ते अजून तेवढंच आहे. आजच्या चलनात 88 सेंट. गिरगावात पागडीच्या खोलीत राहणाऱ्यालाही ही थापच वाटेल.

दाता याकोब फुगर काही संतमहात्मा नव्हता. खाणी, व्यापार आणि सावकारी यांवर तो युरोपातल्या बड्या धनिकांत जाऊन बसला होता. 1505 साली पोर्तुगीज सेनानी अल्मेदाच्या ज्या आरमाराने गोव्याच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर किल्ला उभारला, त्याच्या मोहिमेतही या घराण्याचा पैसा होता. पाचवा चार्ल्स 1519 मध्ये सम्राट म्हणून निवडून आला तो मुख्यतः याकोबच्या कर्जावर. पापक्षमापत्रांच्या विक्रीचा पैसाही याच पेढीतून रोमला जाई, आणि ल्यूथर भडकला तो त्याच विक्रीवर. अशा माणसाने दानातही देणंघेणं पक्कं केलं: रहिवाशांनी दात्याच्या घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. मला यात ढोंग दिसत नाही. पुण्य हवं होतं, ते त्याने कागदावर मागून घेतलं.

खटकते ती दुसरी अट. माणूस आउग्सबुर्गचा, कॅथलिक, गरजू आणि अब्रूदार हवा. भीक मागणाऱ्याला दार बंद. घर मिळायचं ते राबूनही भागत नसलेल्या कारागिराला, मजुराला.

पण त्याला जे मिळे ते खरोखर घर होतं. इंग्लंडात विंचेस्टरचा सेंट क्रॉस हा निवारा बाराव्या शतकातला, म्हणजे फुगरायहून कितीतरी जुना. तिथल्या वृद्धांना मात्र संस्थेचा झगा घालावा लागे. इथे 1523 पर्यंत 52 घरं उभी राहिली. घरात दोन बिऱ्हाडं, एक खाली, एक वर, आणि दोघांना रस्त्यावर उघडणारं आपापलं दार. घंटेच्या दांड्यांचे आकारही निरनिराळे. अंधारात चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून, असं सांगतात. संगीतकार मोझार्टचा पणजोबा, गवंडी फ्रान्झ, सतराव्या शतकाच्या अखेरीस इथेच राहिला.

तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने वसाहतीची नासधूस केली. फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात तर बहुतेक घरं कोसळली. घराण्याने ती पुन्हा बांधली. पैसा आला कुठून? पेढी कधीच बुडाली होती, पण सतराव्या शतकापासून धर्मादाय निधी जमीन आणि जंगलात गुंतवलेला होता. चलन मातीमोल झालं तेव्हाही झाडं वाढत राहिली.

आज 67 घरांत दीडशेच्या आसपास माणसं राहतात. पूर्वी लेकुरवाळी कुटुंबं असत, आता बरेचसे उतारवयातले. प्रार्थनेची अट कायम आहे. फाटक रात्री दहाला बंद होतं. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याला 50 सेंट द्यायचे, मध्यरात्र उलटली तर एक युरो. म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या एका उशिराला वर्षाच्या भाड्याहून जास्त पैसे पडतात. वसाहत बघायला येणाऱ्या पर्यटकाचं तिकीट तर कित्येक वर्षांच्या भाड्याएवढं असतं, आणि तो पैसाही घरांच्या डागडुजीच्या कामी येतो.