युरेट स्फटिक : शोथाचे कारण आणि लसीचे वाहक

वातरक्ताचा रुग्ण आज बहुधा यूरिक अॅसिडचा आकडा हातात घेऊनच वैद्याकडे येतो. आकडा म्हणजेच व्याधी, हा समज आम्हांस मान्य नाही. त्याची परीक्षा करण्यास लसशास्त्रातील एक विषय उपयोगी पडतो.

विरघळलेले युरेट रक्तात निमूटपणे वाहत असते. दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे त्याचे सुईसारखे स्फटिक बनण्याचा संभव असतो आणि क्षोभ होतो तो स्फटिकांमुळे. फेअर्स व मॅकार्टी या अमेरिकन डॉक्टरांनी असे स्फटिक स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले (हे धाडस आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही!). तीव्र संधिशोथ झाला. हा प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध झाला.

टोचलेल्या जागी भक्षक पेशी स्फटिक गिळतात. परंतु तो त्यांना पचत नाही. पेशीतील इन्फ्लमासोम ही प्रथिनरचना जागृत होते, हे २००६ साली दाखविले गेले. तिच्यामुळे इंटरल्युकिन-१ बीटा स्रवते आणि न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. स्फटिक तेथेच राहिला तर भोवती पेशींचे कडे पडून गाठ बनते.

लसीला नेमकी हीच जागृती हवी असते. नुसते शुद्ध प्रथिन टोचल्यास प्रतिकारयंत्रणा त्याकडे फारसे लक्ष देत नाही. म्हणून अनेक लसींत अॅल्युमिनियमचे क्षार घालतात. मृत पेशींतून सुटणारे यूरिक अॅसिड हा धोक्याचा इशारा ठरतो आणि स्फटिकांसह प्रतिजन टोचल्यास उंदरांत प्रतिसाद वाढतो, असे शी, इव्हान्स व रॉक यांनी २००३ साली दाखविले. स्फटिकाच्या पृष्ठभागास प्रथिने चिकटतात, म्हणून त्यास वाहक करण्याची कल्पना.

तथापि उंदराजवळ युरेटचे विघटन करणारे युरिकेज आहे, मनुष्याजवळ ते नाही. ज्याचे रक्त आधीच युरेटने संपृक्त, त्याच्या शरीरात टोचलेला स्फटिक विरघळणार कसा? मानवी वापराच्या कोणत्याही मान्यताप्राप्त लसीत हे स्फटिक नाहीत.

चिकित्सेत याचा अर्थ सरळ आहे. आकडा वाढलेल्या प्रत्येकास संधिशोथ होत नाही आणि ऐन वेगात आकडा प्राकृतही आढळतो. स्फटिकजन्य व जंतुजन्य शोथ बाहेरून सारखेच दिसतात, क्वचित एकत्रही असतात. ज्वरासह एकच सांधा तप्त व सुजलेला असेल, तर त्यातील द्रवाची तपासणी त्याच दिवशी करवून घ्यावी.