वाङ्मयचौर्याचा वाद आणि युक्तिवादाची पारख

शाळेचे हस्तलिखित निघाले की एखाद्या मुलाच्या नावावर दुसऱ्याची कविता आढळते आणि वर्गात वाद माजतो. "ही याने उतरून काढली," असे एकाने म्हणावे, तो "मागे तूही निबंध उतरला होतास," असे उत्तर यावे! मूळ प्रश्न तेथेच बाजूस पडतो. शिक्षकही पुष्कळदा दोघांस दटावून मोकळे होतात. वस्तुतः कोण कोणत्या युक्तीने बोलत आहे, हे आधी पाहणे इष्ट होय.

सतराव्या शतकातील एक प्रसंग येथे उपयोगी पडेल. सालोमालो नावाचा कवी तुकारामांच्या अभंगांत 'तुका म्हणे' या नाममुद्रेच्या जागी स्वतःचे नाव घाली. तुकारामांनी अभंगांतूनच त्याचा निषेध केला. त्यांची तक्रार केवळ नावापुरती नव्हती. संतवचनांची मोडतोड होते, याचे त्यांना दुःख होते.

सालोमालोचा कैवारी म्हणेल, "ही वाणी माझी नव्हे, विठ्ठलाची, असे तुकारामच सांगतात, मग चोरी कोणाची?" युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. न्यायशास्त्रात यास उपचारछल म्हणतात : लक्षणेने बोललेल्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊन बोलणाऱ्यास पेचात धरणे. देवाचे ऋण मानणे निराळे आणि दुसऱ्यास आपले नाव पुसू देणे निराळे. शिवाय वाणी देवाची, तर सालोमालोने तरी आपले नाव का घालावे?

"ओव्या सर्वांच्याच," या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. शिरपूरकडे जात्यावरील अहिराणी ओवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली; तिचा कर्ता सापडावयाचा नाही. मुलाने ती लिहिल्यास त्यास चोर म्हणणे अन्यायाचे होईल. खाली 'आजीकडून ऐकली' एवढे लिहवून घ्यावे. परंतु कर्ता ठाऊक असता ही सबब चालत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरून घेतली. पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले ते आईच्याच नावाने.

आता वर्गातील तंटा. "तूही उतरला होतास," हा स्वतंत्र प्रश्न आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा व मागाहून घ्यावा. तूर्त मूळ पुस्तक आणवून दोन्ही कविता शेजारी शेजारी वाचाव्यात. मुलाने का उतरले, हेही एकांतात विचारावे. घरी अहिराणी वा पावरी बोलणारे मूल पुष्कळदा पुस्तकी मराठीच्या धाकानेच उतरते. अशा मुलाकडून त्याच्या बोलीतील स्वतःच्या चार ओळी मागून घ्याव्यात आणि त्या हस्तलिखितात त्याच्या नावाने घालाव्यात.